तसबिरींचे जतन

महोदय,

जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांतल्या रविवर्मा छापखान्याच्या तसबिरी सध्या नव्याने मढवल्या जातात आणि त्यातच खराब होतात. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड असे. वरून व्हार्निशचा हात. ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने पुसले की हे व्हार्निशच पांढुरके पडते, कधी रंगासकट उठते. कोरडा मऊ ब्रश पुरे.

खरे नुकसान काचेमुळे होते. चित्र काचेला टेकलेले असेल तर पावसाळ्यात व्हार्निश तिला चिकटते. अशी काच ओढू नका, जतनतज्ज्ञाकडे न्या. चित्र आणि काच यांच्यामधे आम्लमुक्त पुठ्ठ्याची ३-४ मिमी जाडीची चौकट हवी. जरी-टिकल्यांनी सजवलेल्या तसबिरीला १० मिमीसुद्धा. काळवंडलेली जरीची तार घासू नका, ती सजावट म्हणजे बहुधा त्या घरातल्या बाईच्या हातचा ठेवा आहे.

मागची जुनी फळी मात्र जरूर बदला; तिच्यातल्या आम्लाने कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो. फळीवर व्यापाऱ्याची चिठ्ठी असेल तर तेवढी जपून ठेवा. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर तसबीर लावूच नये. आतल्या भिंतीवरही खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळते.

– जुन्या चित्रांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, पुणे