भरतीपुरती गाडी सुरूच्या बनात ठेवा

महोदय,

आक्षी हे नाव बहुतेकांना शके 934 च्या मराठी शिलालेखामुळे ठाऊक असतं. मी एसटीत वाहक होतो. अलिबाग-रेवदंडा फेरीला आक्षीची तिकिटं किती फाडली याला गणती नाही. पण सुरूच्या बनापलीकडे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, कोणते पक्षी उतरतात, ते निवृत्तीनंतर मुलाने दुर्बीण आणून दिली तेव्हा कळलं.

थंडीत चिखले (किनाऱ्यावर चरणारे छोटे पक्षी) सगळे मातकट, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. मार्च सरता सरता मात्र त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो, डोळ्यांवरून काळी पट्टी उमटते. कुरवांची (समुद्रपक्ष्यांची) पांढरी डोकी तपकिरी होतात. ही लग्नाची तयारी. लग्नघर कुणाचं लडाख-तिबेटात, कुणाचं त्याहून उत्तरेला. ओहोटीला ओल्या वाळूतले किडे, शिंपले टिपायचे, अंगात चरबी साठवायची आणि भरतीला कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने बसून राहायचं. ती चरबी म्हणजे पुढच्या प्रवासाचं डिझेल. दर वेळी उडावं लागलं की ते इथेच जळतं.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. म्हणजे पुनव-अवसेचं उधाण सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पुळण तेव्हा अगदी चिंचोळी होते, आणि रविवार असला की त्याच पट्ट्यावर गाड्या फिरतात. गेल्या एप्रिलमध्ये मी बसून मोजलं. पाऊण तासात थवा नऊदा उठला: चारदा जीपमुळे, तीनदा कुत्र्यांमुळे, दोनदा फोटोवाल्यांमुळे. (त्यातल्या एका वेळी मोबाईल घेऊन पुढे सरकणारा मीच होतो.) होडीवर जाणारी माणसं रोज तिथूनच चालतात. त्यांना पाहून पक्षी चार पावलं सरकतात नि पुन्हा बसतात.

पुळण बंद करा असं कुणी म्हणत नाही. मार्च-एप्रिलमध्ये भरतीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर गाडी बनातच राहावी, कुत्रा दोरीला असावा, एवढंच. बनाच्या तोंडाशी एक आडवी दोरी आणि त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा लिहिलेली पाटी पुरे. पाटी मी रंगवून देईन. अक्षर बरं आहे, डेपोतले फलक मीच लिहायचो.

– एक निवृत्त वाहक, अलिबाग