वाचता न येणाऱ्या अक्षरांची बाजू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमूर्त सुलेखनाचे एक प्रदर्शन पाहून आलेल्या वाचकाचे पत्र आपल्या सदरात वाचले. ‘जे वाचताच येत नाही ते अक्षर कसले? शाई सांडली तरी कागद असाच दिसतो,’ असे त्यांचे म्हणणे आहे. याला उत्तर द्यावेसे वाटते, कारण माझी सगळी उमर अक्षर वाचता यावे यासाठीच गेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांची नावे, गेटवरचे ‘धूम्रपान निषिद्ध’, ॲसिडच्या टाक्यांवरचे ‘धोका’ हे सगळे मी एनॅमलमध्ये रंगवत आलो. पत्र्यावर सूत मारून दोरीने सरळ रेघ उठवायची, खडूने घरे आखायची, मग फ्लॅट ब्रश हातात घ्यायचा. चालत्या ट्रकमधूनही अक्षर कळले पाहिजे, ही आमची कसोटी.

अशा माणसाला निवृत्तीनंतर न वाचता येणाऱ्या अक्षरांची ओढ का लागावी? बोर्ड रंगवताना हातात जे काही असेल, घाई, चीड, समाधान, ते पुसून टाकावे लागते. कडांवरून रंगाचा दुसरा हात फिरवला की रंगवणारा माणूस दिसेनासा होतो. घरात आजारपण असो की लग्न, ‘धोका’ तसाच उतरायचा आणि तसाच उतरायला हवा होता. अमूर्त सुलेखनात तो पुसलेला माणूस परत दिसतो. ‘ळ’ची दोन वळणे घ्या. पहिल्या वळणाला ब्रश शाईने भरलेला असतो. दुसऱ्यापर्यंत शाई संपत येते, ब्रशचे केस सुटे होतात आणि फराट्यातून कागद दिसू लागतो. हात कुठे थबकला, कुठे जोर दिला, कुठे सुसाट गेला, हे सगळे तिथे उमटलेले असते. त्यावर दुसरा हात मारता येत नाही. मारला तर लगेच कळते. वाचणे बाजूला ठेवले तरच डोळे या गोष्टींकडे जातात, असा माझा अनुभव आहे. ‘धोका’ वाचून झाल्यावर ‘धो’कडे कोण बघत बसतो?

जपानमध्ये इनोउए यूइची (१९१६–१९८५) नावाचे शाळामास्तर होते. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले, त्या रात्री ते आपल्या शाळेत होते. आसऱ्याला आलेली माणसे त्या इमारतीत मेली, हे वाचले. पुढे १९५२ मध्ये त्यांनी सोबत्यांसह ‘बोकुजिन-काई’ हा सुलेखनकारांचा गट काढला आणि मोठाल्या कागदांवर भल्या थोरल्या ब्रशने एकेकच अक्षर लिहीत राहिले. त्या रात्रीविषयी लिहायला मात्र १९७८ साल उजाडले. त्या लिखाणाचा छापलेला फोटो मी पाहिला आहे. मला जपानीचे एक अक्षर येत नाही, तरी अंगावर काटा आला. त्याला शाई सांडली असे म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

आणि हे सगळे बाहेरून आलेले खूळ आहे असेही कुणी समजू नये. आपली मोडी पाहा. आधी पानभर रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे. त्या धावत्या हातात अमूर्ताचे बीज आहेच. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास केला आणि मोडी-देवनागरीच्या मेळातून मुक्तलिपी घडवली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांची सुलेखनाची शाळा आमच्याच नवी मुंबईत आहे. त्यांच्याही आधीचे अक्षररचनाकार आणि कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) घ्या. संगणकावर आपण जो ‘मंगल’ फाँट वापरतो तो त्यांचा. कोट्यवधी लोकांना विनासायास वाचता यावे असे अक्षर ज्यांनी बांधून दिले, त्यांनीच कवितेत आणि सुलेखनात अक्षराला मोकळे सोडून पाहिले. एकाच हाताला दोन्ही कामे येतात, किंबहुना पहिले आले तरच दुसरे येते.

म्हणूनच पत्रलेखकाचा राग मला थोडा पटतो. ज्याला ‘क्ष’ची गाठ धड बांधता येत नाही असाही कुणी कागदावर शाई उडवून प्रदर्शन भरवतो. तिथे फराट्याच्या आत अक्षराचा सांगाडाच नसतो, आणि हे जाणत्या नजरेला लपत नाही. अक्षरगणेशालाही लोक अमूर्त म्हणतात. तो करायला कौशल्य लागते, मला आवडतोही, पण नावातून सोंड निघाली की ते चित्र झाले. अमूर्त म्हणजे ज्यात फक्त रेघ, दाब, वेग आणि कोरी जागा बोलते.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक विनंती. काचेच्या चौकटीबरोबर कामही दाखवा. ठाण्यात कपुरबावडीच्या कलाभवनात किंवा वाशीत कुठेही, रोज अर्धा तास कलावंताने सर्वांसमोर जमिनीवर कागद पसरून लिहावे. हात फिरताना पाहिला की निम्मे प्रश्न उरत नाहीत.

दुसरी विनंती चित्रकला शिक्षकांना. माझी नात इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीत पट्टीने चौकोन आखून अक्षरे भरते. ते शिकणे आवश्यकच आहे, मी त्यावर पोट भरले. पण परीक्षा झाल्यावर एक तास तरी मुलांच्या हाती जाडा ब्रश द्या आणि स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर खांद्यापासून हात फिरवून लिहू द्या. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, कुठल्याही शाळेने बोलावले तर मी विनामोबदला येईन. ब्रश आणि शाई माझी, मुलांनी जुनी वर्तमानपत्रे आणावीत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त साइनबोर्ड पेंटर,
कोपरखैरणे, नवी मुंबई