पावसाचा तक्ता रोज छापा, आमची पोरं वाट बघतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहते, मुलगी इथल्याच झेडपी शाळेत चौथीला आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पण आहे. शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी मिळून ३८ पोरं. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक असा कायदाच आहे, म्हणजे एका खोलीत दोन दोन वर्ग बसणारच.

जूनमध्ये मॅडमनी पोरांकडून प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक करून घेतलं. बाटलीचं बूड वाकडं असतं म्हणून आधी तिथपर्यंत पाणी भरून घेतलं, तिथं शून्याची रेघ मारली आणि वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा केल्या. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची पण हीच वेळ, जवळ राहणारी दोन पोरं जाऊन आकडा बघतात आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहितात. तिसरीतल्या एका पोराने विचारलं की मिलिमीटर तर लांबीचं माप ना, मग पाऊस लांबीत कसा मोजतात? त्यावर मॅडमनी व्हरांड्यात खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन काढला आणि सांगितलं की या चौकोनात एक मिलिमीटर पाऊस साठला तर बरोबर एक लिटर पाणी होतं. मग पोरांनी शाळेचं छप्पर मोजलं, ते भरलं ८ बाय ६ मीटर. ज्या दिवशी ६२ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी चौथीच्या पोरांनी ४८ गुणिले ६२ केलं, उत्तर २९७६ लिटर. माझी पोरगी घरी येऊन म्हणते, आई आपला हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे एका दिवसात शाळेच्या छपरावरून दोनशे हंडे पाणी वाहून गेलं गं, आणि मे महिन्यात आपण हंडा घेऊन रांगेत उभं राहतो. मला तर काय बोलावं सुचेना. त्यात गणित किती, परिसर अभ्यास किती, भाषा किती हे कुणी वेगळं काढून दाखवावं!

खिचडीचं पण तसंच. पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, हजेरी झाली की तिसरीची पोरं मावशींना वजन सांगतात, आज चार जण नाहीत म्हणजे तीन किलो चारशे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. मधे वरून तपासणी झाली, मी तिथंच होते. पोरं बाटलीजवळ उभी होती आणि पहिला प्रश्न आला की हा तास कोणत्या विषयाचा? मॅडम समजावून सांगत होत्या, पण पुढे एवढंच विचारलं की वह्यांमध्ये काय लिहिलंय ते दाखवा. शेरा पडला की वेळापत्रकाप्रमाणे अध्यापन नाही. त्यानंतर दोन आठवडे बाटलीकडे कुणी फिरकलं नाही. पालक पण कमी नाहीत, वही कोरी दिसली की म्हणतात शाळेत काही शिकवत नाहीत, आणि पोरगं नेऊन घालतात गाडीने जायच्या इंग्लिश मिडियममध्ये. २०२३ मध्ये सगळे विषय एकाच पुस्तकात चार भाग करून आले तेव्हा मला बरं वाटलेलं, दप्तर खरंच हलकं झालं, पण आत धडे आपापल्या जागी वेगळे ते वेगळेच राहिले. विषय जोडायचं काम पुस्तकाच्या बाइंडिंगने होत नाही, ते त्या मॅडमच करू शकतात, ज्यांना माहितीय की आज पाऊस किती पडला आणि वर्गात कुणाच्या घरी पाणी नाही. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या शाळांवर अजून जीवन शिक्षण विद्यामंदिर अशी पाटी आहे. ती पाटी लावणाऱ्यांच्या मनात हेच असणार असं मला वाटतं.

तपासणीला येणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, वही बघा पण पोरांना पण दोन प्रश्न विचारा. बाटलीवर शून्याची रेघ बुडाच्या वर का मारली एवढं जरी विचारलं तरी आमची दुसरीतली पोरं सांगतील.

आणि एक विनंती तुम्हाला. तुमच्या पेपरात पावसाळ्यात तालुक्याच्या पावसाचा तक्ता येतो, तो आमच्या शाळेत रोज कापून चिकटवतात. त्या ६२ मिलिमीटरच्या दिवशी पेपरात ४१ आला होता तर पोरं आधी म्हणाली पेपर चुकला, मग मॅडमनी नकाशावर दाखवलं की मोजायचं केंद्र डोंगराच्या पलीकडे आहे, आणि आता चौथीची पोरं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून रोजचा फरक काढतात. मागच्या आठवड्यात तीन दिवस तो तक्ता आलाच नाही, बहुतेक जाहिरातींमुळे जागा राहिली नसेल. आमच्या भिंतीवर तीन चौकोन रिकामे आहेत. जमलं तर ते तीन दिवसांचे आकडे एकदा छापा, पोरं रोज विचारतात.

– एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, ता. पाटण, जि. सातारा