परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी सूचना

ठाणे-नवी मुंबईतल्या सभासदांनो, कागदपत्रं लावताना आधी नाव जुळवा. मार्कशीटवर आडनाव पहिलं नि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर क्रम निराळा; फाइल इथेच अडकते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पदवीवर आधी राज्याचं साक्षांकन, मगच परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का). (पदवी हौसेनं लॅमिनेट करू नका, शिक्का बसत नाही.) पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला) मात्र शेवटी काढा, बऱ्याच ठिकाणी तो ६ महिन्यांच्या आतलाच मागतात. टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) १२० तासांचा घ्या, त्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवणं असेल असाच. आणि 'स्वयंसेवक आहे, टुरिस्ट व्हिसा पुरेल' असं कुणी एजंट म्हणाला तर ऐकू नका. थायलंडमध्ये बिनपगारी शिकवायलाही वर्क परमिट लागतं.