दिव्यांचं काम करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात दिवे लागले, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. समोर उभं राहून बोलायला गेलो तर गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी ज्यांना काम दिलं होतं, त्यांनी सोप्याच्या चुन्याच्या भिंतीत वायरींसाठी कटरनं झिऱ्या मारल्या आणि वर सिमेंट थापलं. पावसाळ्यात ओल आत कोंडली, गिलावा फुगून पोपडे सुटले. सागवानी कडीपाट पीओपीखाली झाकून त्यात साडेसहा हजार केल्विनचे पांढरेफटक दिवे बसवायचे, असा त्यांचा बेत. "जुन्या लाकडात दाखवण्यासारखं काय आहे?" असं त्यांनी पणजोबांनी उभारलेल्या खांबाला टेकून विचारलं होतं. ते आठवलं की अजून संताप होतो.

तुम्ही एकही झिरी मारली नाहीत. २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे दिवे तुळयांआड लपवलेत. जोत्याच्या काळ्या दगडावरून उजेड असा तिरका सोडलात, की पाथरवटाच्या छिन्नीचा घाव न् घाव उठून दिसतो.

पण मनात घर करून राहिलाय तो आईचा झोपाळा. आईला मोतीबिंदू. समोरून दिवा आला की तिला नुसतं धुकं दिसतं. तिनं कपाळावर आडवा हात धरलेला तुम्ही पाहिलात आणि काही न बोलता तिच्या जागी जाऊन बसलात, तिच्याइतकंच पोक काढून. वायरमनला दिवा बोटभर बोटभर वळवायला लावलात. मग आईला बसवलंत, पुन्हा तुम्ही बसलात. म्हातारपणी उजेड जास्त लागतो, पण बल्ब नजरेला पडता कामा नये, हे त्या पोराला किती मायेनं समजावत होतात! शेवटी आई म्हणाली, "व्हय, आता तुजं त्वांड दिसतंय बघ, पोरी."

किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांवरून वर सरकताना बघायला आपण नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर गर्दी करतो. उजेड कुठून यावा, कुणापर्यंत पोचावा, याची काळजी वाहणारी माणसं या गावात आजही आहेत, हे तुमच्यामुळं कळलं. कामाचे पैसे सगळेच घेतात; दुसऱ्याच्या जागी बसून बघणारे फार थोडे.

आई आता रात्रीसुद्धा झोपाळ्यावर बसून पोथी वाचते. दसऱ्याला सोनं द्यायला तुमच्याकडं यायचंच, असा तिनं हट्ट धरलाय. तेव्हा त्या दिवशी संध्याकाळी घरी असा.

तुमचा ऋणी,
वाड्यातला थोरला