संगणक बदलायला न सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले होते, पण ते घाईघाईत, फोकसर (दुर्बिणीचा फोकस जुळवणारी मोटर) हलायला लागल्याच्या आनंदात. म्हणून आता नीट लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आकाशाचे फोटो काढायच्या नादाला नव्याने लागलेली कितीतरी मंडळी दुर्बिणीपाशी पोचायच्या आधीच सॉफ्टवेअर बसवताना हात टेकतात. त्यांनाही तुमच्या पद्धतीचा उपयोग व्हावा.

आम्ही तिघं आणि तीन तऱ्हा: माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, मैत्रिणीचा मॅक, भाच्याचं विंडोज. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "सगळ्यांनी विंडोज घ्या आणि मोकळे व्हा." सल्ल्यात तथ्य नव्हतं असं नाही. उपकरणं चालवणारं निना हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं, आणि कॅमेरे, माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार), फोकसर यांचे ढीगभर ड्रायव्हर अ‍ॅस्कॉमसाठी, म्हणजे विंडोजवर उपकरणं आणि प्रोग्राम यांना जोडणाऱ्या व्यवस्थेसाठी, लिहिलेले आहेत. पण तुम्ही आधी विचारलंत, "उपकरणं कोणती आहेत, आणि कुठल्या संगणकाकडून काय काम करून घ्यायचंय?" तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला की ही कामंच दोन आहेत. रात्री उपकरणं चालवायची, आणि मग सवडीने फोटो एकावर एक रचून त्यातून चित्र काढायचं. दुसऱ्या कामाला सिरिल हे सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे आणि तिन्हीकडे चालतं. गायडिंगचं, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर नेमकी रोखून ठेवायचं, पीएचडी टूसुद्धा तिन्हीकडे. उपकरणं चालवायला विंडोजवर निना आणि अ‍ॅस्कॉम, तर लिनक्स आणि मॅकवर केस्टार्स या आकाशाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं एकोस आणि त्याच्या पाठीशी ड्रायव्हर पुरवणारं इंडी. कुणालाही संगणक बदलावा लागला नाही, पैसेही वाचले.

फोकसरचा किस्सा मात्र सविस्तर सांगितलाच पाहिजे. त्यातल्या आर्डुइनोच्या छोट्या नियंत्रक बोर्डावर सीएच ३४० ही यूएसबी चिप. केबल लावली की पोर्ट दिसायचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत गायब व्हायचा. मी केबलवर संशय घेऊन बसले होते. तुम्ही म्हणालात, केबल राहू दे, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश वाचून दाखव. मी अडखळत वाचत गेले: चिप सापडली, पोर्ट जोडला, आणि लगेच पुढच्या ओळीत 'बीआरएल'ने सुरू होणाऱ्या कुणीतरी तो ताब्यात घेतला. तुम्ही तिथेच थांबवलंत. तो दृष्टिहीनांना बोटांनी वाचता येणारा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम, बीआरएलटीटीवाय. काही ब्रेल उपकरणांतही हीच चिप असते, ओळख क्रमांकही तोच, त्यामुळे त्याला माझा फोकसर आपलाच वाटला.

मला वाटलं, आता म्हणाल, "काढून टाक तो प्रोग्राम." तुम्ही विचारलंत, "या लॅपटॉपवर दृष्टिहीन कुणी काम करतं का?" करत नाही म्हटल्यावरच तो काढायला सांगितलात. करत असतं तर प्रोग्राम तसाच ठेवून फक्त त्या चिपपुरता नियम बंद करायचा, हेही सांगून ठेवलंत. नुसता उपाय सांगणारे बरेच भेटतात. तो उपाय दुसऱ्या कुणाच्या मुळावर येईल का, हे आधी विचारणाऱ्या मला तरी तुम्हीच भेटलात.

मग उरलं ते नेहमीचं. सिरियल पोर्टला हात लावायची परवानगी हवी, म्हणून स्वतःचं नाव 'डायलआउट' गटात घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. हे परत येणं किती महत्त्वाचं, ते कुणी लिहीत नाही! लोक गटात नाव घालतात, पोर्ट तरी उघडत नाही, आणि दोष ड्रायव्हरला देतात.

मॅकवर अडचण वेगळीच. एक छोटा मोफत प्रोग्राम उघडेना, त्याच्या निर्मात्याची खातरजमा करता येत नाही म्हणून. उजवं बटण दाबून उघडायची जुनी पळवाट २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून बंद आहे. तुम्ही सिस्टिम सेटिंगमधल्या गोपनीयता आणि सुरक्षा या भागातून तेवढ्या एका प्रोग्रामला परवानगी द्यायला लावलीत. तीसुद्धा फाइल मूळ संकेतस्थळावरूनच उतरवली आहे ना, आणि तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे हे दाखवणारा आकडा) जुळतो ना, हे तपासल्यावर. सगळी सुरक्षाच बंद करून टाका असं सांगणारे महाभाग आम्हाला आधी भेटले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

भाच्याच्या विंडोजवर फारसं काही घडलं नाही. आधी अ‍ॅस्कॉम प्लॅटफॉर्म, मग उपकरणांचे ड्रायव्हर, शेवटी निना, एवढा क्रम पाळला आणि झालं. फक्त फोटोंचं फोल्डर तुम्ही क्लाउडशी जुळणाऱ्या डॉक्युमेंट्समधून बाहेर काढायला लावलंत. त्याचं कारण तुमच्या हिशोबातून कळलं. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो, तीन रंग, प्रत्येक रंगाला ३२ बिट, म्हणजे २८८ एमबी. असे शंभर म्हटले की जवळजवळ २९ जीबी, आणि तारे जुळवून घेतलेली दुसरी प्रत वेगळीच. हे सगळं रात्रभर इंटरनेटवर चढत बसलं असतं.

गंमत पुढे झाली. भाच्याने स्वतःच्या फाइली फोल्डरांसकट माझ्याकडे दिल्या. सिरिलची जी स्क्रिप्ट त्याच्याकडे सुरळीत चालली, तिला माझ्याकडे मूळ फोटोंचं 'लाइट्स' फोल्डरच सापडेना. त्याने नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल लिहिलं होतं. विंडोजला त्याचं काही नाही, लिनक्सला मात्र ती दोन निराळी नावं. ते निस्तरलं, तर चित्राचे रंग भलतेच. खगोलीय फोटोंची फिट्स फाइल कुठल्याही संगणकावर उघडते, १९८१ पासून तोच तर तिचा लौकिक, पण ओळी खालून वर वाचायच्या की वरून खाली, यावर सगळ्या प्रोग्रामांचं एकमत नाही. क्रम उलटला की बेयरचा नमुना (सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची मांडणी) सरकतो, आणि हिरव्याच्या जागी लाल वाचला जातो. तुम्ही फाइलच्या हेडरमधली, म्हणजे सुरुवातीच्या माहितीतली, ओळींचा क्रम सांगणारी 'रोऑर्डर'ची नोंद बघायला सांगितलीत आणि पाच मिनिटांत मृगाचा तेजोमेघ आपल्या मूळ रंगावर आला.

तुम्ही सांगितलेलं सगळं आम्ही लिहून ठेवलंय, लिनक्स, मॅक आणि विंडोज असं वेगवेगळं. नवीन येणाऱ्यांना तेच देतो. ब्रेलचा प्रश्न त्यात सगळ्यात वर घातलाय. मॅकचा भाग पुढच्या आवृत्तीत शिळा होईल असं मैत्रीण म्हणते, तर तेवढा सवडीने एकदा नजरेखालून घालाल का? आणि एकोसमधून तिचा कॅमेरा मधूनच सुटतो, त्याचा लॉग पाठवलाय. सावकाश बघा, घाई नाही.

आपली,
लिनक्सवाली