काकू, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. मागच्या दिवाळीत गावी आले होते तेव्हाही मी बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही ‘डाळीला फोडणी राहिलीय’ म्हणून उठून आत गेलात. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि तेही चारचौघांत. तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्या एकटीच्या स्वयंपाकघरात राहून जाऊ नये, असं फार वाटतं. तुमची नात वाचून दाखवेल. या वेळी उठून जाऊ नका.

श्रावणातली ती सकाळ तुम्हाला आठवते का, ठाऊक नाही. चिऊ बारा दिवसांची होती. माझं हिमोग्लोबिन ८.२. बाळाला पाळण्यातून उचललं तरी धाप लागायची, जिना तर लांबच. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि पिंपरीतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि बाळ. तुम्ही समोरच्या दारातून वाटीभर मेतकूट घेऊन आलात. मी चहाचा कप हातात घेऊन लोहाची गोळी गिळत होते. तुम्ही वाटी खाली ठेवली आणि म्हणालात, “अगं पोरी, गोळी च्याबरोबर घेतेस? मग ती घेतलीस काय न् नाही काय!”

मला दवाखान्यातून निघताना कागद दिला होता, त्यावर गोळ्यांची नावं होती. चहा लोहाला आतड्यात नीट शोषू देत नाही, कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेतली तर लोहाच्या आड येते, हे मला कुणी बसून सांगितलं नव्हतं. मी तर तिन्ही एकत्र घेत होते, लक्षात राहावं म्हणून. तुम्ही माझ्या गोळ्यांची पाकिटं ओट्यावर मांडलीत. लोहाची गोळी सकाळी लिंबाच्या सरबताबरोबर, कॅल्शियमची रात्रीच्या जेवणानंतर, आणि चहा गोळीच्या आधी-नंतर निदान तासभर नाही. पुढचे आठ दिवस तुम्ही स्वतः सरबत घेऊन यायच्या आणि मी गोळी गिळेपर्यंत दारात उभ्या राहायच्या.

तेव्हा कळलं की तुम्ही जुन्नर तालुक्यात तीस वर्षं अंगणवाडी सेविका होतात. १९७५ साली अंगणवाडीची योजना देशात सुरू झाली, आणि तेव्हापासून तुमच्यासारख्या बायकांनी वाड्यावस्त्यांवर पोरांची वजनं घेतली, गरोदर बायकांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, खिचडी शिजवली. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. हा शब्द मला आजही बोचतो. तुमच्याकडे आजीकडून आलेलं ज्ञान होतं आणि सरकारी प्रशिक्षणातलंही, आणि दोन्ही एकमेकांवर घासून जे उरलं तेवढंच तुम्ही वापरायचात. असं माणूस समोरच्या दारात राहायला असणं हे माझं केवढं भाग्य होतं!

कारण त्याच दिवसांत फोनवरून माझ्यावर सूचनांचा पाऊस पडत होता. बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं. पालेभाजी नको, बाळाचं पोट बिघडेल. डाळ वातूळ. खोली बंद करून शेगडीवर ओव्याची धुरी घे. बाळाला मधाचं बोट चाटव. सगळ्या प्रेमानं सांगत होत्या, आणि मी इतकी दमले होते की कुणी काहीही सांगितलं तरी केलं असतं.

मधाच्या बाबतीत तुमचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, कितीही शुद्ध असला तरी नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट ते निभावून नेतं, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. सहा महिने अंगावरचं दूध, दुसरं काही नाही. पाणी नाही, घुटी नाही. धुरीबद्दल म्हणालात, “बाळाच्या छातीत धूर भरून कुणाचं भलं झालंय?” ओवा मात्र सोडला नाहीत. भाजून, सैंधव लावून, जेवणानंतर चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवायच्या.

आणि मग जेवण सुरू झालं.

पहिले पंधरा दिवस मऊ भात, तूप, मेतकूट. तुमच्या मेतकुटात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू, आणि जिरं, धणे, मेथी, सुंठ, हळद, हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडीद डाळ लालसर व्हायला लागते तोवर जिरं करपलेलं असतं. हे तुम्ही मला खुर्चीवर बसवून, मांडीवर बाळ घेऊन बघायला लावलंत. मग अळिवाचे लाडू. नारळाच्या पाण्यात अळीव दोन-तीन तास फुगवायचे, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचे. मला तोवर वाटायचं, हे लाडू म्हणजे बाळंतिणीचे लाड. अळिवात लोह असतं हे तुम्ही सांगितलंत आणि लगेच बजावलंत, “लाडवानं आठाचं बारा होत नाही हां. गोळ्यांनी चढेल, जेवणानं टिकेल.”

हे वाक्य मी आजवर किती जणींना सांगितलंय! कारण लोकांना दोन्हींपैकी एकच हवं असतं. कुणाला वाटतं, बीट खाल्लं की रक्त वाढतं, गोळ्या कशाला. कुणाला वाटतं, गोळी घेतली की काहीही खाल्लं तरी चालतं. तुम्ही मला दोन्ही एका ताटात वाढून दाखवलंत.

ताटाचं गणित तुमच्याकडे साधं होतं. तांदुळजा, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, जी पालेभाजी मंडईत स्वस्त ती. मटकी-मूग मोड आणूनच, कारण भिजवल्यानं आणि मोड आल्यानं लोहाला धरून ठेवणारा घटक कमी होतो. वरून लिंबू पिळायचंच. पोह्यांवर लिंबू आपण लहानपणापासून पिळत आलो, पण भाजीपाल्यातलं, धान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही आणि ते मिळवून द्यायला आंबटाचा हात लागतो, हे त्या वयात समजलं. माझी नॉनस्टिक कढई तुम्ही न बोलता वर फडताळात ठेवलीत आणि तुमची लोखंडी आणून दिलीत. चिंच घातलेली आमटी तिच्यात काळपट दिसायची. तुम्ही म्हणायच्या, “काळी दिसू दे, शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ.” तेही लोहच.

थंडी पडली तसं हुलग्याचं माडगं आलं. मी लातूरकडची, आमच्याकडे ज्वारी. हुलगे मी बैलांना खायला घालतात एवढंच ऐकून होते. तुम्ही हुलगे भाजून दळून आणलेलं पीठ पाण्यात कालवलंत, लसूण-जिऱ्याची फोडणी, मीठ, आणि रटरट शिजवलंत. पहिल्या घोटाला नाकातून वाफ गेली आणि सर्दीनं बंद झालेलं डोकं मोकळं झाल्यासारखं वाटलं. औषध आहे का विचारलं तर म्हणालात, “औषध कसलं, गरम पातळ पोटात गेलं की बरं वाटतंच.” मला तुमचं हे फार आवडायचं. सुंठ-गूळ-तुपाची गोळी असो, गवती चहा असो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या असोत, तुम्ही कधी त्यांच्या नावावर मोठे चमत्कार लावले नाहीत. घसा शेकला जातो, झोप लागते, तेवढ्यात सर्दी तिच्या वेळेनं जाते. तीन दिवसांच्या वर ताप राहिला की तुमच्याकडे काढा नव्हता, दवाखान्याचा रस्ता होता.

चिऊ सहा महिन्यांची झाली आणि नाचणीचा विषय निघाला. तिच्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे मी वाचलेलं होतं. तुम्ही शिकवलंत ते वेगळंच. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची, वस्त्रगाळ करायची. हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. तुम्ही दोन वाट्यांत दोन लापश्या केल्यात, एक साध्या पिठाची, एक मोड आलेल्या नाचणीची, पीठ सारखंच. साधी घट्ट गोळा झाली, दुसरी पातळ राहिली. मोड येताना दाण्यातला स्टार्च फुटायला लागतो म्हणून. “बाळाचं पोट आपल्या मुठीएवढं,” तुम्ही म्हणालात, “घट्ट झाली म्हणून पाणी वाढवलंस तर नुसतं पाणीच जाईल पोटात.” त्या दोन वाट्या बघितल्यावर पुढं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता त्या रात्रीबद्दल.

जूनचा पहिला पाऊस, नळाला गढूळ पाणी. चिऊ दहा महिन्यांची. संध्याकाळपासून जुलाब, मग उलटी. हे मीठ-साखरेची तयार पुडी (ओआरएस) आणायला धावले आणि मी तुमचं दार वाजवलं. तुम्ही आलात, आधी हात साबणानं धुतलेत, मला धुवायला लावलेत. पुडी येईपर्यंत थांबला नाहीत. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून, त्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे, मिठाचा अर्धा चमचा. चमच्यावर सुरी फिरवून सपाट केलात. ढवळून स्वतः चाखलंत, “डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको.” मग चमच्या-चमच्यानं, मिनिटा-दोन मिनिटांनी. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू. मधे मधे अंगावर पाजायचं, ते बंद करायचं नाही. हे पुडी घेऊन आले तेव्हा मी घाईनं ती ग्लासात ओतायला निघाले होते, तुम्ही हात धरलात. पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर. अंदाजानं अर्धी-पाव नाही.

नंतर वाचलं, १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. साखरेच्या सोबतीनं मीठ आतड्यात शिरतं आणि पाठोपाठ पाणी ओढलं जातं, एवढ्या तत्त्वावर असंख्य जीव वाचले. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तुमची ती सपाट केलेली चमचाभर साखर होती.

पहाटे तीनच्या सुमारास तुम्ही चिऊच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती लगेच मागे गेली नाही. लंगोट चार तास कोरडा होता, रडताना डोळ्यांत पाणी नव्हतं. तुम्ही उठलात आणि म्हणालात, “माझं काम इथवर. आता रिक्षा बोलव.” त्या आवाजात घाबरणं नव्हतं, आणि ‘अजून थोडं बघू’ही नव्हतं. सोबत आलात, रस्ताभर चमच्यानं पाजत राहिलात. डॉक्टरांनी सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी झिंकचं औषध लिहून दिलं आणि ते चौदा दिवस पूर्ण द्यायचं हे तुम्हीच मला रोज आठवण करून दिलंत, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले होते तरी.

काकू, मी त्या रात्रीचा विचार अजूनही करते. घरगुती उपायांवर तुमच्याइतका विश्वास असलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही, आणि तो उपाय हातातून खाली ठेवायची वेळ इतकी नेमकी ओळखणारंही पाहिलं नाही. ‘आपलं जुनं ते सगळं सोनं’ म्हणणारे खूप भेटतात, ‘हे सगळं थोतांड’ म्हणणारेही भेटतात. मला तुमच्यामागून चालायचंय.

माझं हिमोग्लोबिन त्या वर्षाच्या अखेरीस १०.४ झालं होतं आणि तुम्ही गावी परत जायच्या आधी १२.१. तो कागद मी तुम्हाला दाखवायला आणला तेव्हा तुम्ही चष्मा पुसून तीनदा वाचलात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. म्हणजे आमच्या मजल्यावरच्या चार घरांत दोघी तरी. म्हणून मी आता आमच्या इमारतीत नवी बाळंतीण आली की मेतकुटाची वाटी घेऊन जाते, आणि आधी विचारते, गोळी कशाबरोबर घेतेस?

चिऊ पहिलीत गेली. डब्यात तिला मोडाची उसळ आणि बाजरीची भाकरी चालते, लिंबाची फोड मात्र वेगळी द्यावी लागते, नाहीतर भाकरी ओली होते म्हणून रुसते.

तुमचा पितळी डबा माझ्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून राहिलाय. संक्रांतीच्या आधल्या रविवारी आम्ही तिघं येतोय. डिंकाचे लाडू केलेत, खारीक जरा जास्त पडलीय. आणि एक विचारायचं आहे, फोनवर समजत नाही: माडगं ढवळताना माझ्या अजून गाठी होतात. पीठ आधी गार पाण्यात कालवते, तरी होतात. चूल पेटवून ठेवा, तुमच्यासमोर करून दाखवते.

तुमची,
समोरच्या दारातली पोर